सासऱ्यांची लूना आणि बुजलेली पाणंद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच जागी एका भगिनीने बाळंतविड्यावर फार सुंदर भाषण केले. त्याआधीच्या वर्षी परसबागेवर झाले. यंदा चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही ती गाडी दुरुस्त केलीत आणि गावाकडे रस्ता केलात, त्याबद्दल बोला." मी म्हटले, अहो, हा काय मंडळात सांगण्याचा विषय आहे? काजळी, ऑईल, मुरूम आणि बाभळीची मुळे यांवर बायकांनी काय ऐकावयाचे? त्यावर त्या म्हणाल्या की, गावी जमीन आहे आणि रस्त्यावरून भावकीत भांडण नाही असे घर आपल्या मंडळात एक तरी दाखवा. मग मला बोलणेच खुंटले. तेव्हा आज जे काही सांगते ते गोड मानून घ्यावे.

आमचे गाव पारनेर तालुक्यात. आम्ही सावेडीत राहत असलो तरी सासूबाई, धाकटे दीर आणि जाऊबाई गावातच असतात. गावठाणातल्या घरापासून शेत दीड-पावणेदोन किलोमीटरवर. आमच्या गोठ्यात कडब्याच्या गंजीआड एक लूना उभी होती. सासऱ्यांनी ती १९९१ साली घेतली आणि २००८ साली ते जाईपर्यंत चालवली. दुधाची बरणी एका बाजूला, खताची पिशवी पायाशी, आणि मागे कधी सासूबाई तर कधी गवताचा भारा. ते गेल्यावर तिच्याकडे कोणी पाहिले नाही. कोंबड्या तिच्या सीटवर बसत.

लूना म्हणजे आपल्या नगरचेच अपत्य, हे तरुण मुलींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. मूळच्या नगरच्या फिरोदिया घराण्यातील हस्तीमल फिरोदिया यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग ही कंपनी काढली आणि १९७२ साली लूना बाजारात आणली. इटलीच्या पियाजिओ कंपनीची 'चाव' नावाची छोटी गाडी होती, तिच्यावरून ही बेतलेली. पन्नास सीसीचे इंजिन, सायकलसारखे पायडल, गियर नाही, क्लच आपोआप लागणारा. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याचा तो काळ. शिक्षिका, परिचारिका, दूधवाले, पोस्टमन यांनी ती उचलून धरली. पेट्रोल संपले तर पायडल मारीत घरी येता येई, ही तिची मोठीच सोय. पुढे धुराचे नियम कडक झाले, मोठ्या गाड्या स्वस्त झाल्या आणि ती मागे पडली. २०२४ साली त्याच घराण्याच्या कायनेटिक ग्रीन कंपनीने विजेवर चालणारी ई-लूना आणली, ती आता रस्त्यावर दिसते. पण आमची आपली जुनीच, धूर काढणारी.

ही दुरुस्त करावी हे माझ्या मनात कसे आले, तर माझा भाचा अमेरिकेत असतो त्याच्यामुळे. २०२२ च्या दिवाळीत त्याने काही फोटो पाठवले. चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखे हँडल असलेली एक गाडी त्याने शेजाऱ्याकडून मोडीत घेतली होती. तिला तिकडे एटीव्ही म्हणतात. आपल्याकडे ती सहलीच्या ठिकाणी घटकाभर भाड्याने मिळते. त्याने आणि मुलांनी मिळून ती सुरू केली आणि घरामागच्या रानात स्वतःच वाटा पाडल्या. फोटोत सगळे चिखलाने माखलेले आणि खुशीत. मी यजमानांना म्हटले, "आपल्याकडेही मोडकी गाडी आहे, रान आहे आणि सुटीत येणारी नातवंडे आहेत. मग आपण का करू नये?" ते वर्तमानपत्र वाचीत होते. "कर की," म्हणाले. ते ऐकत नव्हते हे मला माहीत होते, पण संमती ती संमती.

धाकट्या दिरांनी गाडी टेम्पोत घालून सावेडीस आणून दिली. आमच्या गल्लीच्या पुढे एक मिस्त्री आहेत, उभा जन्म गाड्यांत गेलेले. त्यांनी गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बाई, मी सांगीन, हात तुम्ही लावा. माझी नजर आता बारीक कामाला चालत नाही." म्हणून मी हात लावला. नाही तर हे भाषण त्यांनी केले असते.

आता गाडी का बंद होती ते ऐका. त्यात घरातलीच पुष्कळ कामे सापडतील. टाकीला आतून तांबेरा चढला होता. आपण तांब्याची भांडी चिंचेने घासतो, त्याच जातीचा उपाय. मिस्त्रींनी पापड-सरबतात वापरतो ते लिंबूसत्व आणावयास सांगितले. गरम पाण्यात विरघळवून टाकी भरली, त्यात मूठभर जुने नट टाकून खळखळवली आणि रात्रभर ठेवली. सकाळी विटेच्या रंगाचे पाणी निघाले. मग धुण्याच्या सोड्याचे पाणी घालून आंबटपणा मारला, उन्हात कडकडीत वाळवली आणि लगेच ऑईलचा हात फिरवला. हा शेवटचा हात राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबेरा. माझा एकदा राहिला होता. सगळे पुन्हा करावे लागले.

कार्बुरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारी डबी. तिच्यात एक छिद्र असते, सुईच्या अग्राएवढे. जुने पेट्रोल आटून त्याचा डिंक झाला होता आणि छिद्र बुजले होते. ते तारेने टोकरावयाचे नाही, कारण छिद्र रुंद झाले की मिश्रण बिघडते. पेट्रोलमध्ये भिजत घालून फुंकून काढावयाचे. सायलेन्सरमध्ये काजळी इतकी की गाडीचा श्वासच कोंडला होता. दोन धक्क्यांच्या इंजिनात ऑईल पेट्रोलबरोबरच जळते, त्यामुळे ही काजळी साचणारच. तो सायलेन्सर आम्ही अंगणात विटांच्या चुलीवर तापवून जाळून काढला. त्या धुराने शेजारच्या वहिनींचे वाळत घातलेले कपडे खराब झाले. त्या आज येथे आहेत. त्यांनी मला क्षमा केली आहे असे मी समजते.

पिस्टन जागीच चिकटला होता. प्लग काढून त्या भोकातून रॉकेल सोडले आणि रोज चाकाला थोडा झोका द्यावयाचा. सहाव्या दिवशी सुटला. घरात कोणाचा ताप उतरावा तसे मला वाटले. मग चाकाच्या आतले पॉइंट, म्हणजे ठिणगीची उघडझाप करणारा तुकडा, घासून साफ केला; मिस्त्रींनी पातळ पत्ती घालून त्यातली फट मोजली. नळी, केबली, दोन्ही टायर, ब्रेकचे लायनर नवे घातले. रबरी नळीबद्दल एक सांगितले पाहिजे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते वीस टक्क्यांपर्यंत गेले आहे. जुन्या गाड्यांच्या रबराला ते सोसत नाही, आणि ते हवेतला ओलावाही ओढते. म्हणून गाडी महिनाभर उभी राहावयाची असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी. लिटरला चाळीस मिलिलिटर ऑईल, हे प्रमाण मिस्त्रींनी सांगितले ते मी औषधाच्या बाटलीवर खूण करून सांभाळते. सगळा मिळून खर्च ६,८०० रुपये झाला. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. दिवाळीचा फराळ मात्र डबा परत न करता घेतला.

डिसेंबरात एका रविवारी पायडल मारले. फट्‌ झाले, धूर झाला आणि गाडी सुरू झाली. यजमान गॅलरीत आले. वडिलांच्या गाडीचा आवाज त्यांनी चौदा वर्षांनी ऐकला. काही बोलले नाहीत, पण खाली आले आणि फडक्याने मडगार्ड पुसू लागले.

लगेच मिरवण्यात अर्थ नव्हता. गाडीची नोंदणी केव्हाच संपलेली. पंधरा वर्षांनंतर गाडी दाखवून नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, विमा काढावा लागतो. ते केले. माझ्याकडे लायसन नव्हते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी शिकाऊ परवान्याच्या रांगेत मी उभी होते, आणि पुढेमागे सगळी कॉलेजची मुले. एकाने विचारले, "आजी, कोणाबरोबर आलात?"

शिकताना दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले ती साडीमुळे. पदर नव्हे, निऱ्यांचा काठ मागच्या चाकात गेला. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी गाडीला असली पाहिजे असा नियमच आहे. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत तो आहे. आमच्या गाडीची जाळी सासऱ्यांनी गवताचा भारा बसेना म्हणून काढून टाकली होती. मी ती पुन्हा बसवून घेतली. ज्या भगिनी मुलाच्या किंवा यजमानांच्या मागे बसतात, त्यांनी आज घरी गेल्यावर आपल्या गाडीची जाळी जागेवर आहे ना, एवढे पाहावे.

जानेवारीत गाडी गावी नेली. सासूबाईंचे वय तेव्हा ब्याऐंशी. ओट्यावर बसल्या होत्या. गाडी ओळखली. जवळ बोलावून हँडलवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "गाडी तर झाली गं, पर जायाचं कुठून?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेताकडे जाणारी पाणंद २००५ सालापासून बंद होती. आमच्या चुलत दिरांनी ती नांगरून शेतात घेतली होती आणि तोंडाशी काट्यांची कुपाटी घातली होती. तेव्हापासून आम्ही डांबरी रस्त्याने फिरून, दुसऱ्या गावच्या शिवेवरून, पाच किलोमीटरांचा वळसा घेऊन शेतात जात होतो. दीर आणि जाऊबाई तरुण, ते पायी बांधावरून उड्या मारीत जात. सासूबाईंचे गुडघे गेले तसे त्यांचे शेत सुटले. सासऱ्यांना जिथे अग्नी दिला ती विहिरीवरची आंब्याची जागा त्यांनी पुष्कळ वर्षांत पाहिलेली नव्हती. आणि मी नातवंडांना फिरवण्याच्या गोष्टी करीत होते!

दोन्ही घरांत सतरा-अठरा वर्षे बोलणे नव्हते. लग्नाच्या पत्रिका जात, माणसे जात नसत. आमच्या घरात हे भांडण एकाच प्रकारे सांगितले जाई: चुलत दिरांनी रस्ता गिळला. मी सून म्हणून आले तेव्हापासून चांगले वाटणारे ते भावजी एकाएकी असे का वागले, हे मी कधी विचारले नाही. विचारावयाची पद्धत नव्हती.

यजमानांनी वकिलाचा सल्ला घेतला. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, त्याच्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा तहसीलदार काढून देतात. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. आमची ती मुदत कधीच गेलेली. दुसरे म्हणजे जमीन महसूल संहितेचे कलम १४३, बांधावरून वाट मागण्याचे. पण ते म्हणाले, आधी गावचा नकाशा काढा. रस्ता नकाशावर असेल तर तो कोणाच्या बापाचा नाही, सरकारचा आहे, आणि अतिक्रमण म्हणून तो मोकळा करता येतो.

भूमी अभिलेखाचा तो नकाशा मी प्रथमच पाहिला. भगिनींनो, आपल्या सासरच्या गावचा नकाशा एकदा तरी पाहावा. त्यात दोन तुटक रेषा असतात, तो गाडीमार्ग, म्हणजे पाणंद. तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेषा असेल तर पायवाट, ती सव्वाआठ फूट. हे आकडे असे विचित्र का, तर जुनी मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. आठ आणे म्हणजे साडेसोळा फूट, चार आणे म्हणजे सव्वाआठ. आमच्या शेताकडे दोन तुटक रेषा स्पष्ट गेल्या होत्या. यजमानांचा चेहरा खुलला. "आता पाहतो," म्हणाले. रीतसर पैसे भरून मोजणी आणली.

मोजणी झाली आणि सगळ्यांची तोंडे उतरली. चुलत दिरांनी पाणंद नांगरली होती हे खरेच. परंतु पाणंदीच्या तोंडाशी आमची कांद्याची चाळ आहे, तिचा एक कोपरा पाच फूट रस्त्यात निघाला. पलीकडे ओढ्याजवळ आमचा बांधही दोन-अडीच फूट आत सरकलेला. दरवर्षी नांगराचे एक तास पुढे घेतले की असे होते. चाळ बांधली २००४ साली. काटे पडले २००५ साली. मोजणीदार आपल्या दगडाला चुना लावीत होते आणि आम्ही सगळे हिशेब करीत उभे होतो.

संध्याकाळी घरी हे सासूबाईंना कसे सांगावे या विचारात यजमान होते. सासूबाई म्हणाल्या, "मला ठावं हाय. म्या त्यांना तवाच म्हनले व्हते, चाळ मागं घ्या. त्यांनी आईकलं न्हाई. मग त्यानं बी काटं घातलं." यजमानांनी विचारले, "मग आजवर बोलली का नाहीस?" त्या म्हणाल्या, "कुनी इचारलं?"

भगिनींनो, या एका वाक्यावर मी रात्रभर जागी होते. आईने सांगितले नाही म्हणून यजमानांना राग आला होता, आणि तो त्यांना कोणावर काढता येत नव्हता, कारण ज्यांच्यावर काढावयाचा ते गेले होते. दीर म्हणाले की मोजणी आपल्यापुरती ठेवू, आणि त्यांनी नांगरले त्याचा अर्ज करू. कायद्याने तसे करता आले असते की नाही, मला माहीत नाही. मी मात्र प्रथमच मध्ये बोलले. म्हटले, मी ही गाडी घेऊन त्या रस्त्याने जाणार असेन तर चाळीचा कोपरा आधी निघाला पाहिजे. नाही तर गाडी परत नगरला नेते. थोडे उद्धट झाले. पण जाऊबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. रोज डोक्यावर भारा घेऊन बांधावरून उड्या त्याच मारीत होत्या.

चाळ रिकामी होती, एवढे सुदैव. एक खण उतरवला, पत्रे काढले, जोत्याचे दगड मागे घेतले. सगळे गाव येता-जाता पाहत होते. चुलत दिरांनीही पाहिले असणार, कारण चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा काही कारण नसताना येऊन दगड उचलू लागला.

त्यानंतर सासूबाई म्हणाल्या, "चल, मला त्यांच्याकडं सोड." तेव्हा त्या प्रथम लूनावर माझ्या मागे बसल्या. अंतर पन्नास घरांचे, गावातलेच. चुलत दीर ओट्यावर होते. उठून आत गेले. मला वाटले, संपले. पण ते आतून घोंगडी घेऊन आले आणि त्यांनी ती सासूबाईंसाठी अंथरली. त्यांच्या कुटुंबाने, म्हणजे माझ्या चुलत जाऊबाईंनी चहा ठेवला. पुरुष माणसे एकमेकांकडे न पाहता कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिली. रस्त्याचे जाऊबाईच बोलल्या, "गहू उभा हाय. तेवढा निघू द्या."

भावजींची एक अट होती. त्यांच्या विहिरीजवळ पाण्याची पाइपलाइन पाणंदीत येत होती. तेवढ्या टप्प्यात रस्ता बारा फुटांचाच ठेवावा, लाइन उखडू नये. आम्ही मान्य केले. आमच्या दिरांना ते जड गेले. परंतु बारा फुटांतून ट्रॅक्टर जातो, मग साडेसोळासाठी अडून बसण्यात काय हशील? पुढे २०२५ साली सरकारनेच शेतरस्ता तीन ते चार मीटरांचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करावी असा निर्णय काढला. बारा फूट त्यात बसतात. वकिलाने लिहून दिलेला अर्ज अजून माझ्या कपाटात आहे, पैठणीखाली.

२०२३ च्या एप्रिलमध्ये काम सुरू झाले. २०२१ पासून पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना होती, तेव्हा रोजगार हमीतून तशी कामे होत. पण आमच्या तुकड्याचा नंबर केव्हा लागला असता कोण जाणे. दोन्ही घरांनी डिझेल वाटून घेतले. वेडी बाभूळ इतकी माजली होती की आत ससा शिरला असता तर रक्तबंबाळ झाला असता. ही बाभूळ नुसती तोडून भागत नाही, बुंध्यातून दुप्पट फुटते. मुळासकट उपटावी लागते. आणि काटे वेचावे लागतात. काटे वेचण्याचे काम आम्ही बायकांनी केले, कारण पुरुषांना त्यात मोठेपणा वाटेना. आणि नंतर पहिले पंक्चर झाले ते त्यांनी साफ केलेल्या भागात.

आमची सगळ्यांत मोठी चूक येथे सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. रस्त्याचा सुमारे दोनशे मीटर भाग काळ्या मातीतून जातो. आम्ही शेततळ्यातून निघालेला मुरूम तसाच त्या काळीवर पसरला, टँकरने पाणी मारले, ट्रॅक्टर फिरवला. रस्ता गुळगुळीत दिसू लागला. मी फोटो काढून भाच्याला पाठवला. जूनचा पहिला पाऊस झाला आणि काळीने तो मुरूम गिळला. चाकात एवढी माती भरली की लूनाचे चाक मडगार्डमध्ये अडकून बसले आणि मी बैल लावून ती बाहेर काढली. बैल चुलत दिरांचे. ते त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यादेखत हसले.

काळ्या मातीत आधी दोन्ही कडांना चर खणावा लागतो, म्हणजे पाणी रस्त्याखाली मुरत नाही. मग मोठे दगड हाताने लावून दाबावयाचे, त्यांच्या फटींत बारीक दगड, आणि त्यावर मुरूम. रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता, कासवाच्या पाठीसारखा. उतारावर दर थोड्या अंतरावर तिरका उंचवटा द्यावयाचा, म्हणजे पाणी चाकाच्या चाकोरीतून धावत न जाता बाजूला उतरते. ओढा ओलांडताना नळ्या घालण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही. पात्राच्या पातळीत दगडांची फरशी केली. पूर वरून जातो, फरशी राहते. दोन तास थांबावे लागते, एवढेच. हे सगळे आम्ही दुसऱ्या उन्हाळ्यात, २०२४ साली केले. त्यानंतरचे पावसाळे रस्त्याने काढले आहेत. ओढ्यावरचे चार दगड दरवर्षी पुन्हा बसवावे लागतात.

मुख्य रस्ता झाल्यावर नातवंडांसाठी आमच्याच शेतात एक फेरा काढला. शेततळ्याच्या बाहेरून, आंब्याखालून, बांधाच्या कडेने परत विहिरीवर. साधारण सहाशे मीटर. चढ सरळ न घेता तिरका घेतला. तळ्याकडच्या बाजूला तारेचे कुंपण आणि दोन हात जागा सोडली. एकाच दिशेने फिरावयाचे, आंधळ्या वळणावर चुन्याने रंगवलेला खांब, डोक्यावर टोपी म्हणजे हेल्मेट असल्याशिवाय कोणी बसावयाचे नाही. लहान मुले सायकलवरच. भाच्याने सांगितले की तिकडे या जातीच्या गाड्या प्रथम तीन चाकांच्या निघाल्या, होंडा कंपनीची १९७० ची. मुले उलटून इतकी दगावली आणि जायबंदी झाली की १९८८ साली तीन चाकी गाड्यांची विक्रीच थांबवावी लागली. हे ऐकल्यावर मी लूनाची किल्ली पोलक्यात ठेवू लागले. थोरली नात सोळा वर्षांची झाली तेव्हा तिने परवाना काढला. पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीला सोळाव्या वर्षी तो मिळतो, आईबापांच्या लेखी संमतीने. पाणंद ही सार्वजनिक वाट आहे, तेथे परवान्याशिवाय चालत नाही हे तिला मी नकाशावर दाखवून दिले.

रस्त्याचा खरा उपयोग मात्र आमच्यापेक्षा इतरांना झाला. पुढच्या दोन वस्त्यांवरच्या मुली आता सायकलने शाळेत येतात. पूर्वी पावसाळ्यात त्यांची शाळा बुडे. दूध सकाळी वेळेवर पोहोचते. कांद्याचा ट्रॅक्टर वळसा न घेता निघतो. गावात आता आणखी एका पाणंदीची मोजणी मागितली आहे. तिथे कोणाची चाळ निघते ते पाहू.

सासूबाईंचे सांगावयाचे राहिले. पहिल्या कोरड्या दिवशी मी त्यांना मागे बसवून शेतात नेले. जाळीवर पाय नीट ठेवून, एका हाताने माझा खांदा धरून. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. विहिरीवर उतरल्या, आंब्याला हात लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी जरा बाजूला झाले. मग त्यांनी हाक मारली ती अशी, "अगं, हितला रहाट कुनी नेला?" रहाट वीस वर्षांपूर्वीच मोडीत गेला होता. त्यावरून त्यांनी दिरांना तास-दीड तास बोलणी ऐकवली. परत येताना चुलत दिरांच्या विहिरीपाशी थांबवावयास सांगितले, तेथे पाणी प्याल्या आणि त्यांच्या सुनेला सांगितले की मेथी फार दाट पेरली आहेस.

आता दर रविवारी गेलो की फेरी ठरलेली आहे. चुलत जाऊबाई परवा मला बाजूला घेऊन म्हणाल्या की त्यांनाही लूना शिकावयाची आहे, पण भावजींना सांगू नका. वय बावन्न. दोन रविवार झाले. त्या पायडल चांगले मारतात, ब्रेकच्या वेळी मात्र डोळे मिटतात. गेल्या खेपेस आमच्या कांद्याच्या वाफ्यात गेल्या. गाडीच्या उजव्या बाजूचे पायडल वाकले आहे. मिस्त्रींनी या बुधवारी घेऊन या म्हणून सांगितले आहे.